शस्त्रांची शुद्धी आणि शस्त्रांची झीज

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल जुनी आहे. लग्नात आलेल्या पितळी तांब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. तीस-चाळीस वर्षे तो तांब्या चिंचेने आणि राखेने घासला गेला, की ते नाव पुसट होते आणि पुढे कोणाचे होते हेही सांगता येत नाही. पाणी भरल्याने तांब्या झिजत नाही, तो घासण्याने झिजतो. घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेली ही साधी गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही. शस्त्रक्रियेचा इतिहास म्हटला की पाश्चर, लिस्टर आणि कॉख ही नावे आपल्या ओठांवर येतात. जंतूंवर मनुष्याने मिळविलेल्या विजयाची ती कथा आहे आणि ती खरीही आहे. परंतु त्या विजयासाठी जी शस्त्रे हजारो वेळा उकळली गेली, वाफेत घातली गेली, तीव्र रसायनांत बुडविली गेली, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या व्याख्यानात आम्ही तोच प्रश्न घेतला आहे. त्याच्या उत्तराशी रोग्याच्या जिवाचा संबंध कसा येतो, हे ओघाने दिसून येईल.

आरंभ आपल्याच ग्रंथापासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात यंत्रे आणि शस्त्रे यांना वाहिलेले दोन स्वतंत्र अध्याय आहेत. यंत्रे १०१ आणि शस्त्रे २० अशी गणना तेथे केलेली आढळते. त्यापुढे शस्त्राचे आठ दोष सांगितले आहेत : ते वाकडे असणे, बोथट असणे, तुटके असणे, त्याची धार खरखरीत असणे, ते फार जाड, फार लहान, फार लांब किंवा फार आखूड असणे. खरखरीत धारेचा दोष करवतीला मात्र लागू नाही, कारण हाड कापण्यास तशीच धार लागते, असा अपवादही ग्रंथकाराने नोंदविला आहे. धार लावण्यासाठी गुळगुळीत शिळा आणि ती टिकविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, तसेच केस कापू शकेल इतके तीक्ष्ण झालेले शस्त्रच हाती घ्यावे, असा त्याचा उपदेश आहे. सुश्रुताला जंतू ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु शस्त्र हे कायमचे चांगले राहत नाही, ते वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी पारखावे लागते आणि दोष आढळल्यास ते बाजूला ठेवावे लागते, ही जाणीव त्याला पुरती होती. पुढील दोन हजार वर्षांच्या कथेचे सूत्र या एका जाणिवेत आलेले आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकातील युरोपात येऊ. त्या काळच्या शस्त्रवैद्याची पेटी पाहण्यासारखी असे. आत मखमलीचे अस्तर, त्यात बसविलेल्या सुऱ्या, करवती आणि चिमटे, आणि त्यांच्या मुठी हस्तिदंताच्या, शिसवीच्या नाहीतर कासवाच्या पाठीच्या. मुठीवर पकड यावी म्हणून नक्षीदार खाचा पाडलेल्या असत. शस्त्रक्रिया संपली की सुरी फडक्याने पुसावी आणि पेटीत ठेवावी, एवढीच काय ती स्वच्छता. अशा पेट्या पिढ्यान् पिढ्या टिकत. शस्त्रे दीर्घायुषी होती आणि रोगी अल्पायुषी होते, असे म्हटले तर ते केवळ शब्दांचा खेळ ठरणार नाही.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली. जखम पिकली नाही आणि मुलगा बरा झाला. १८६७ मध्ये लिस्टर यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रेही कार्बॉलिकच्या द्रवात बुडवून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी निरनिराळ्या जंतुनाशकांची कसोशीने तुलना केली. रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड, हा त्यांत फार प्रभावी ठरला. परंतु पाऱ्याचा हा क्षार पोलादाला खातो. जंतू मारणारे औषध शस्त्रालाच मारू लागले, तेव्हा ते हात धुण्यासाठी राहिले आणि शस्त्रांसाठी दुसरा मार्ग शोधावा लागला.

तो मार्ग उष्णतेचा होता. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये दाबाखालील वाफेचे पात्र सिद्ध केले, ज्याला आज आपण ऑटोक्लेव्ह म्हणतो. बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी १८८६ च्या सुमारास वाफेने शुद्धी करण्याचा पाठ घातला. त्यांचे साहाय्यक कुर्ट शिमेलबुश यांनी धातूच्या शस्त्रांसाठी जो नियम घालून दिला तो मोठा मार्मिक आहे. शस्त्रे नुसत्या पाण्यात न उकळता, शेकडा एक या प्रमाणात धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे उकळावीत, असा तो नियम. सोड्यामुळे शस्त्रावरील चिकट मळ सुटतो, शिवाय पोलाद गंजत नाही. रोग्याचे रक्षण आणि शस्त्राचे रक्षण या दोन्ही गोष्टींचा एकाच कृतीत विचार झालेला येथे दिसतो. शिमेलबुश यांच्या उकळण्याच्या डब्याला इतिहासात जे स्थान आहे, त्यात या चिमूटभर सोड्याचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

उकळण्याची चाल पडताच शस्त्रांचे रूपच पालटले. हस्तिदंत तडकू लागले, लाकूड फुगले, मुठीचे खिळे सैल झाले. दहा-पंधरा वर्षांत जुन्या सुंदर मुठी नाहीशा झाल्या आणि पात्यापासून मुठीपर्यंत एकाच धातूची शस्त्रे आली. खाचा आणि नक्षी गेली, कारण खाचेत रक्त राहते. मखमलीच्या पेटीची जागा धातूच्या तबकाने घेतली. चिमट्याचे आणि कात्रीचे दोन पाय वेगळे करून धुता यावेत अशा बिजागऱ्या निघाल्या. पोलादावर निकेलचा मुलामा आला. परंतु मुलामा हा कल्हईसारखाच असतो. वारंवार उकळल्याने त्याचे पापुद्रे सुटत, खालचे पोलाद उघडे पडून गंजे आणि त्या सुटलेल्या कडेखाली घाण दडून बसे.

सुरीची अडचण आणखी निराळी होती. उकळल्याने धार जाते, अशी शस्त्रवैद्यांची तक्रार असे. म्हणून पुष्कळ ठिकाणी बाकीची शस्त्रे उकळत आणि सुरी तेवढी अल्कोहोलमध्ये किंवा तीव्र कार्बॉलिकमध्ये ठेवीत. ज्या शस्त्राचा रोग्याच्या मांसाशी पहिला संबंध, त्याचीच शुद्धी सर्वांत कच्ची! या पेचातून सुटका झाली ती अमेरिकेत. मॉर्गन पार्कर यांनी १९१५ मध्ये मूठ आणि पाते वेगळे असणाऱ्या सुरीचे पेटंट घेतले. मूठ पुनःपुन्हा उकळावी आणि पाते बोथट होताच टाकून द्यावे. जे झिजते ते आणि जे टिकते ते, यांची फारकत येथे झाली. दाढीच्या पात्याची ही युक्ती शस्त्रक्रियागृहात आली आणि कायमची राहिली.

रबरी हातमोज्यांचा जन्मही जंतुनाशकाच्या जाचातून झालेला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी रसकापुराने सोलवटू लागली, तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. हे मोजे कित्येक दशके धुऊन पुन्हा वापरले जात. धुवावेत, हवा भरून भोक आहे का ते पाहावे, भोक असल्यास ठिगळ लावावे, भुकटी लावून वाफेत घालावेत, हा परिचारिकांचा नित्याचा पाठ होता. प्रत्येक वाफेगणिक रबर थोडे चिकट, थोडे ठिसूळ होई. त्या मोज्याचे आयुष्य किती शस्त्रक्रिया केल्या यापेक्षा किती वेळा तो वाफेत गेला यावर ठरे.

येथपर्यंतची कथा परदेशातील झाली. आता मुंबईकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु पुराव्यात एक बारीक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो ज्वाळेत न धरता नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात हलवून तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते आणि कार्बॉलिकच्या एका बुडीने ते मरत नाही. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. घाईची शुद्धी ही शुद्धी नव्हे, हा धडा १९ जिवांची आणि एका थोर शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांची किंमत देऊन मिळाला.

तोवर धातूकडून मात्र एक मोठी सुवार्ता यावयाची होती. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळीची झीज कमी कशी करावी याचा शोध घेत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी शेकडा सुमारे १३ भाग क्रोमियम असलेले पोलाद ओतविले आणि ते गंजत नाही असे त्यांना आढळले. स्टेनलेस स्टीलच्या एका जातीचा हा जन्म. पुढील दोन-तीन दशकांत निकेलचा मुलामा मागे पडला आणि शस्त्रे या पोलादाची होऊ लागली. मात्र स्टेनलेस या शब्दाने आपली थोडी दिशाभूल केली आहे. हे पोलाद गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य थर बसतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील दोन-चार भागांइतकीच त्याची जाडी. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा जुळतो, हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु मिठातील क्लोराइड हा त्याचा वैरी आहे आणि आपले रक्त खारट आहे. रक्त वाळू दिले, सलाइनमध्ये शस्त्र भिजत ठेवले, पाणी क्षारयुक्त असले, किंवा वाफेनंतर शस्त्र ओले राहिले, तर या थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि गंज आत उतरतो. कात्रीच्या आणि चिमट्याच्या सांध्यात हा प्रकार प्रथम घडतो. तेथेच ताणही सर्वांत अधिक असतो, म्हणून एके दिवशी तेथेच चीर पडते. इतकेच नव्हे, तर तबकातील एका गंजलेल्या शस्त्राचा गंज वाफेबरोबर शेजारच्या चांगल्या शस्त्रांवर जाऊन बसतो. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, ही म्हण शस्त्रांनाही तंतोतंत लागू आहे.

शुद्धीच्या कथेतील सर्वांत बोलके पात्र म्हणजे सुई आणि सिरिंज. १८५३ मध्ये एडिंबरो येथे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समध्ये शार्ल प्रावाझ यांनी त्यांचा उपयोग रूढ केला. प्रारंभीच्या सिरिंजांचे दट्टे चामड्याचे असत. चामडे उकळले की आक्रसते आणि कडक होते. म्हणून १८९० नंतर पॅरिसच्या ल्युअर यांच्या कारखान्यातून निघालेली संपूर्ण काचेची सिरिंज ही मोठी सोय ठरली. नळी काचेची आणि दट्टाही काचेचा. मात्र हे दोन्ही एकमेकांवर घासून बसविलेले असत, त्यामुळे एका सिरिंजेचा दट्टा दुसरीत बसत नसे. उकळलेल्या ढिगातून जोड्या जुळविणे हे परिचारिकांचे एक कामच होऊन बसले होते. कोणताही दट्टा कोणत्याही नळीत बसेल अशी सिरिंज इंग्लंडात चान्स बंधूंच्या कारखान्याने काढली ती १९४६ मध्ये.

आपल्यापैकी वयाने वडील असलेल्या श्रोत्यांना दवाखान्यातील ते दृश्य आठवत असेल : स्टोव्हवर किंवा स्पिरिटच्या दिव्यावर ठेवलेला झाकणाचा डबा, त्यात खडखडणाऱ्या सिरिंजा आणि चिमट्याने उचललेली सुई. त्या सुईकडे कंपाउंडरला किती लक्ष द्यावे लागे याची कल्पना रोग्याला नसे. पाण्यातील क्षार तिच्या भोकात साचत, म्हणून बारीक तार घालून ते मोकळे करावे लागे. टोक डब्याच्या तळावर आपटून वळले की ते कापसावर ओढून पाहायचे. कापसाचा धागा अडकला म्हणजे टोकाला आकडा पडला असे समजून सुई दगडावर घासायची. प्रत्येक घासण्याने सुई थोडी आखूड होई. इंजेक्शन दुखते ते औषधाने की सुईने, या मुलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा त्या घासलेल्या टोकात असे.

दुखणे सोसता येते, परंतु याहून भयंकर गोष्टी घडल्या. नाईल नदीच्या खोऱ्यात बिल्हार्झिया नावाचा कृमिरोग फार. इजिप्तमध्ये १९५० नंतर तीस वर्षे लक्षावधी खेडुतांना त्यावर टार्टर एमेटिकची इंजेक्शने देण्यात आली. प्रत्येकास अनेक इंजेक्शने, रांगा लांब, काचेच्या सिरिंजा मोजक्या आणि उकळण्यास वेळ अपुरा. हेतू पूर्णपणे सद्भावनेचा होता. परंतु जी सिरिंज पुरती उकळली गेली नाही, तिच्यातून क जातीच्या यकृतदाहाचे, म्हणजे हेपटायटिस सी या रोगाचे विषाणू एका शरीरातून दुसऱ्यात गेले. हा विषाणू तर १९८९ पर्यंत ओळखलाही गेला नव्हता. या मोहिमेने केवढा प्रसार केला याचे विवेचन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८-१९ मध्ये इजिप्तने सुमारे पाच कोटी नागरिकांची तपासणी करून उपचार सुरू केले. एका पिढीने घाईने केलेल्या शुद्धीचे ऋण दुसऱ्या पिढीस असे फेडावे लागले.

मग पुन्हा वापरणेच नको, हा विचार बळावला यात नवल नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लसीच्या प्रचंड चाचणीच्या सुमारास एकदाच वापरून टाकावयाच्या सिरिंजा मोठ्या संख्येने बनू लागल्या. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी प्लॅस्टिकच्या सिरिंजेचे पेटंट घेतले. एड्सच्या भीतीने या चालीस आणखी वेग आला आणि आपल्या दवाखान्यांतील तो खडखडणारा डबा हळूहळू दिसेनासा झाला. सिरिंजेपुरता हा निकाल योग्यच झाला. परंतु सर्वच शस्त्रांना तो लावावा का?

याचे उत्तर इंग्लंडातील एका प्रसंगात मिळते. मेंदूच्या क्रॉइत्सफेल्ट-याकोब रोगाचे कारण असलेला प्रथिनकण, ज्याला प्रायॉन म्हणतात, नेहमीच्या शुद्धीस दाद देत नाही. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार, अशा रोग्याच्या मेंदूत वापरलेले विद्युदग्र अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने शुद्ध करूनही पुढील दोन तरुण रोग्यांस तोच रोग जडला होता. या धास्तीने २००१ च्या आरंभी इंग्लंडात टॉन्सिल काढण्यासाठी एकदाच वापरावयाची शस्त्रे सक्तीची करण्यात आली. परिणाम असा झाला की शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढले. शेवटी त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने जुनी, धुऊन वापरण्याची शस्त्रे परत आणली. एका काल्पनिक नव्हे परंतु दूरच्या धोक्याला टाळताना समोरचा धोका वाढला होता. टाकाऊ शस्त्र हे नेहमीच अधिक सुरक्षित असते, ही समजूतही भाबडीच ठरली.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या देशातही घडले आहे. देवीच्या निर्मूलनासाठी बेंजामिन रुबिन यांनी १९६० नंतरच्या दशकात शोधलेली दुतोंडी सुई ही पोलादाची साधी तार होती, टोकाला दोन काटे असलेली. तिला भोक नाही, सांधा नाही, खाच नाही. ती उकळावी किंवा ज्वाळेत धरावी आणि पुन्हा वापरावी, असे अनेकवार करता येई. खेड्यापाड्यांत ती फिरली आणि १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. याच्या अगदी विरुद्ध टोकाला आजच्या पोटात घालावयाच्या दुर्बिणी आहेत. लांब नळ्या, बारीक मार्ग, टोकाशी हलणारा पट्टा, आणि उष्णता न सोसणारे रबर व गोंद. पित्तनलिकेसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा दुर्बिणी सूचनांप्रमाणे धुऊनही त्यांतून जंतू पसरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. म्हणजे शस्त्र किती वेळा धुता येईल हे धुणाऱ्याच्या हातात जितके असते, तितकेच ते घडविणाऱ्याच्या हातात असते.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचे रक्त गाळणारा डायलायझर त्याच रोग्यासाठी धुऊन पुन्हा वापरावा, ही कल्पना लंडनमध्ये १९६४ मध्ये अंमलात आली. आठवड्यातून दोन-तीन वेळा हा उपचार घेणाऱ्या आपल्याकडील सामान्य कुटुंबाला त्यातून वाचणारा पैसा किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. परंतु प्रत्येक धुण्याने त्यातील काही बारीक नळ्या बुजतात आणि रसायनांनी पडद्याचे गुण बदलतात. म्हणून एक नियम ठरविण्यात आला : त्या नळ्यांत मावणाऱ्या द्रवाचे माप मूळ मापाच्या शेकडा ८० पेक्षा खाली आले की डायलायझर बाद. येथे नजरेच्या अंदाजावर काही सोपविलेले नाही. काटकसर आहे, परंतु तिला मर्यादा आहे आणि ती मर्यादा मोजता येते.

सुश्रुताच्या आठ दोषांपासून या ८० टक्क्यांच्या नियमापर्यंतचा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शुद्धी ही फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी शस्त्राचा एक कण तिच्यापोटी खर्ची पडतो, आणि हा खर्च हिशेबात न धरता चालते आहे तोवर चालवा असे म्हणणे म्हणजे तो खर्च नकळत रोग्याच्या खात्यावर मांडणे होय. सर्व काही टाकून द्या असे म्हणणे हाही हिशेब टाळण्याचाच प्रकार आहे. तो खर्च दुसरीकडे, कचऱ्याच्या ढिगांत आणि गरिबाच्या बिलात दिसू लागतो.

प्रत्येक रुग्णालयात एक खोली अशी असते की जेथे नातेवाइकांना प्रवेश नसतो आणि डॉक्टरही क्वचित जातात. तेथे कोणीतरी भिंगाखाली कात्रीचा सांधा उघडून पाहत असते, चिमट्याची टोके जुळतात का ते उजेडाकडे धरून तपासते. हे शस्त्र आता पुरे झाले, असे म्हणून ते बाजूला ठेवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला आहे की नाही, आणि तिने ते बाजूला ठेवल्यावर त्याच्या जागी दुसरे शस्त्र येते की नाही, यावर रुग्णालयाच्या स्वच्छतेची खरी परीक्षा होते. आपल्या गावच्या रुग्णालयाला देणगी देताना, त्याच्या समितीवर बसताना किंवा नुसते रोगी म्हणून तेथे जाताना, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपणा सर्वांना आहे.